जुन्या रंगातील शिसे कोणाच्या माथी?

दिवाळी तोंडावर आली की चांदीपपासून वसईपर्यंत घरोघरी जुनी दारे आणि खिडक्यांचे गज घासून रंगविण्याचे काम निघते. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. परंतु ते घासणाऱ्या रंगाऱ्याला वा त्या धुळीत रांगणाऱ्या मुलाच्या आईला याची वार्ताही नसते. शिशाने मुलांच्या मेंदूची हानी होते व ती भरून निघत नाही.

केंद्र शासनाच्या २०१६च्या नियमांनुसार, १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये. नियम स्वागतार्ह आहे. पण तो कारखानदार व विक्रेता यांच्यापाशीच थांबतो. दारावर आधीच चढलेल्या रंगाविषयी तो मौन पाळतो. अमेरिकेत १९७८पूर्वीच्या घरांत काम आरंभण्याआधी ठेकेदाराला धोक्याची लेखी माहिती द्यावी लागते. २०१०पासून प्रशिक्षणाचीही सक्ती आहे.

आपल्याकडेही तसा नियम हवा. मात्र घरमालकाला कागद दिला म्हणजे ठेकेदाराचे कर्तव्य संपले, असे होऊ नये. रोजंदारीवरचा रंगारी ती धूळ कपड्यांतून स्वतःच्या मुलांपर्यंत नेतो. पृष्ठभाग ओला करूनच घासणे, धूळ अडविणारी मुखपट्टी आणि हातपाय धुण्याची सोय हा ठेक्याच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. तो मजुरीतून कापला जाता कामा नये. अन्यथा स्वस्त ठेक्याची खरी किंमत श्रमिकाचे मूलच मोजत राहील.