दत्तचरणीचे श्वान आणि आपल्या दारचे

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सायंकाळी दत्तजन्माचा पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि गुरुचरित्राच्या सप्ताहाची सांगता झालेल्या घरांतून नैवेद्याची पाने निघतात. त्यांतील एक पान गाईचे, एक श्वानाचे. दत्तमूर्तीच्या मागे गाय उभी आणि पायाशी चार श्वान. त्या चौघांना आपली परंपरा चार वेद मानते. सोलापूरकरांना तर हे दैवत घरचेच. अक्कलकोट आपल्या जिल्ह्यात, गाणगापूर एका दिवसाच्या वाटेवर. माध्यान्हीस महाराज कोणत्या रूपाने भिक्षेस येतील याचा नेम नाही, या श्रद्धेमुळे गाणगापुरी दारचे कुत्रे हाकलतानाही भाविकाचा हात कचरतो. याच महिन्यात चंपाषष्ठीला बाळ्याच्या खंडोबापुढे भंडारा उधळतो. त्या मल्हारीच्या संगतीसही कुत्रा आहेच. आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय पंढरीचेच.

एवढा वारसा ज्यांच्या पाठीशी आहे, त्या आपण याच दिवसांत आपल्या गल्लीत काय पाहतो? पावसाळा सरला की थंडीच्या तोंडी बोळाबोळांत कुत्र्या वितात. त्रेसष्ट दिवसांच्या आसपास गर्भ राहतो, वर्षातून दोनदा माज येऊ शकतो आणि एका वेळी चार-सहा पिल्ले सहज होतात. त्यांतील बहुतेक वर्ष पाहत नाहीत. काही चाकाखाली जातात, काही गारठ्याने, काही आतड्यांच्या रोगाने. उरलेल्यांना कोणी पोत्यात घालून रात्री देवळापाशी नेऊन सोडतो. देवाच्या दारी सोडले म्हणजे देवाच्या हवाली केले, अशी त्याची समजूत. माझ्या मते हे दान नव्हे, हा टाकून देण्याचाच एक सोवळा प्रकार आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावा घेतला जातो तो अनेकदा अंगणात खेळणाऱ्या पोराचा. चावा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद-चुना लावून वा अंगारा लावून थांबू नये. अंगारा कपाळी लावण्यास हरकत नाही. जखमेस मात्र नको.

यावर ‘मारून टाका’ हा उपाय नगरपालिकांनी अनेक दशके करून पाहिला. मोकळ्या झालेल्या जागी शेजारची कुत्री आली, पुन्हा व्याली, संख्या होती तेथेच. म्हणून २००१ च्या आणि पुढे २०२३ च्या नियमांनी नसबंदी व रेबीजची लस हा मार्ग ठरविला आणि त्याचा भार स्थानिक संस्थांवर टाकला. गोव्याने वर्षानुवर्षे कुत्र्यांना सामुदायिक लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकविले. २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री मात्र तेथे परत सोडू नयेत, असे त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ठरले.

पण येथे भाविक मन अडते. मुक्या जिवाचे मातृत्व हिरावणे हे पाप नव्हे काय, असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, त्याची थट्टा करू नये. परंतु बेंदराला ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, ज्याला पुरणपोळी भरवितो, तो बैल खच्ची केलेलाच असतो. आपल्या नांगरासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्याला कोणी पाप म्हटले नाही. मग त्या प्राण्याच्याच हितासाठी, भूल देऊन, वैद्याच्या हातून केलेली शस्त्रक्रिया तेवढी पाप कशी?

महानगरपालिकेची गाडी येते तेव्हा कुत्री पळतात. ज्या माउलीच्या हातची भाकरी ती रोज खातात, तिच्यापासून मात्र पळत नाहीत. जाळे घेतलेल्या दहा माणसांना जे साधत नाही ते तिला साधते. पान वाढणाऱ्या घरांनी हा विश्वास कारणी लावला, आणि उत्सवाच्या वर्गणीतून मंडळांनी व देवस्थानांनी दोन-चार कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेचा व चार-सहा दिवसांच्या शुश्रूषेचा खर्च उचलला, तर काम किती सोपे होईल! ज्यांनी घरी कुत्रा पाळला आहे त्यांनी तर आधी आपलेच घर पाहावे. रात्री मोकळा सोडलेला पाळीव कुत्राही गल्लीतील पिल्लांचा बाप असतो. (ती पिल्ले मग ‘महापालिकेची’ ठरतात!)

या पौर्णिमेस श्वानाचे पान रस्त्याच्या मधोमध न ठेवता ठरलेल्या जागी ठेवावे आणि ते खाणाऱ्या कुत्रीच्या कानाकडे पाहावे. नसबंदी झालेलीच्या कानाला छोटीशी खूण कापलेली असते. ती नसेल तर दुसऱ्या दिवशी महापालिकेत तिची नोंद करावी, आणि गाडी येईल त्या सकाळी भाकरी घेऊन आपणच दारात उभे राहावे.