खोताच्या वाड्याची आठवण कोणाची?

मे महिना जवळ आला की कोकणाच्या आठवणींना पूर येतो. लाल माती, कौलारू घर, खोतांचा चौसोपी वाडा, पडवीतला झोपाळा आणि वर एक वाक्य, 'तेव्हा गावात कसा एकोपा होता.' रत्नागिरी जिल्ह्यातले आपले तरुणही हे व्हिडिओ बदाम टाकून पुढे पाठवतात. मित्रांनो, त्या झोपाळ्यावर कोण बसत होतं आणि अंगणाबाहेर उन्हात कोण उभं होतं, एवढं तरी विचारा.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला वसुलीदार. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून पिकाचा वाटा उचलायचा, कुठे अर्धेल, कुठे तिर्धेल. वर वेठ. खोताच्या शेतात फुकट नांगर धरा, त्याच्या घरी लाकूडफाटा पोचवा, त्याच्या लग्नकार्यात राबा. १८८० च्या खोती कायद्याने ही व्यवस्था मोडली नाही, उलट तिला सरकारी कागद मिळवून दिला. आणि पुढे याच जिल्ह्यातल्या खोत घराण्यात जन्मलेल्या लोकमान्यांच्या 'केसरी'ने खोतांची बाजू लढवली. कूळ होते कुणबी, महार आणि इतर कष्टकरी जाती. एकोपा म्हणतात तो एवढाच, की सगळे एकाच माणसाचे देणेकरी होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. विधेयकातली मागणी काही आकाशातली नव्हती. खोताला वाजवी भरपाई द्या आणि जमीन कसणाऱ्याला सरकारचा थेट खातेदार करा. १० जानेवारी १९३८ रोजी २०-२५ हजार शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. कुणबी आणि महार एका मोर्चात, स्वतंत्र मजूर पक्षाच्या हाकेवर, सोबत कम्युनिस्ट कार्यकर्ते. सत्तेवर बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

मधली बारा वर्षं कोणी खाल्ली? 'तर काय झालं असतं' हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. महायुद्धात धान्याचे भाव चढले, तेव्हा पिकाचा तो वाटा खोताच्या कणगीत न जाता कुळाच्या घरात राहिला असता. दुसरं, खोती जाणार याची खूण बारा वर्षं आधी पटल्यावर कागद ज्याच्या हातात तो काय करतो, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. १९३८ मध्येच खोती गेली असती, तर कुणब्याच्या घरी बाबासाहेबांची तसबीर लागली असती. निदान आपल्या जमिनीसाठी पहिलं विधेयक कोणी मांडलं, हे त्याच्या नातवाला ठाऊक असतं. आज तो नातू बाबासाहेबांना 'त्यांचे नेते' म्हणतो.

कोणी म्हणेल, रत्नागिरी तेव्हाही पुरोगामीच होती, १९३१ साली पतितपावन मंदिर झालं. झालं. देवळात सगळे एका रांगेत बसले आणि बाहेर पडून ज्याच्या त्याच्या खोताकडे वेठीला गेले. देवळाचा वाढदिवस लक्षात राहतो, मोर्चाची तारीख किती जणांना पाठ आहे?

आपल्यातही एक हळहळ चालते. बाबासाहेब आणखी दहा वर्षं जगले असते तर! मला ही हळहळ आवडत नाही. तिच्यात सगळं काम एका माणसावर टाकून आपण मोकळे होतो. खोती विधेयकाचं दुःख वेगळं आहे. तिथे नेता होता, लोक होते, मसुदा तयार होता. अडवणारेही ठाऊक आहेत. अशा दुःखाला पत्ता असतो, आणि पत्ता असला की हिशेब मागता येतो.

तो हिशेब जुना झालेला नाही. २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. असा कुठलाही प्रकल्प आला की पहिला प्रश्न एकच असतो, सातबारावर नाव कोणाचं? पिढ्यानपिढ्या जमीन कसली पण कागदावर नाव चढलं नाही, त्याला मोबदला नाही आणि त्याच्या विरोधालाही कोणी विचारत नाही. गावाच्या टोकाच्या बौद्धवाडीत असे किती जण आहेत, हे मुंबईत बसून कळणार नाही.

तेव्हा भीमजयंती करून मेमध्ये गावी जाल, तेव्हा वाड्यासमोर सेल्फी काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपण कोणाचं कूळ होतो, कुठला तुकडा कसत होतो. ते नाव आणि त्या तुकड्याचं नाव लिहून घ्या. मग तहसील कचेरीत जाऊन जुने फेरफार मागा. नक्कल मिळते, फी भरावी लागते. 'रेकॉर्ड सापडत नाही' असं सांगितलं, तर तेवढंच लेखी मागा.