विश्लेषण : वेफर्सचे चंदेरी पाकीट पुनर्प्रक्रियेत का अडते? पारदर्शक लेपाने प्रश्न सुटेल?

वेफर्स संपले की पाकीट कचऱ्यात जाते आणि बहुधा तिथेच राहते. बाटल्या, डबे वेचणारे कचरावेचकही ते उचलत नाहीत. वजन नगण्य, भंगारात भाव जवळपास शून्य. दुसरीकडे, अशा वेष्टनांच्या पुनर्प्रक्रियेची सक्ती केंद्राने उत्पादकांवर केली आहे. म्हणूनच पाकिटातील थर महत्त्वाचे ठरतात.

चंदेरी थर कसा बसतो?

तो ॲल्युमिनियमचा असतो. पण फॉइल नव्हे. निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची तार सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सियसला वितळवून तिची वाफ केली जाते. ही वाफ थंड रोलरवरून वेगाने सरकणाऱ्या प्लास्टिक फिल्मवर गोठते. कक्षात हवा असती, तर वाफ वाटेतच अडली असती. थराची जाडी सुमारे ३० ते ५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारपटीहून कमी. एवढ्या थरानेही ऑक्सिजन व बाष्प बरेच रोखले जाते आणि वेफर्स कुरकुरीत राहतात.

मग अडचण कुठे?

खरी अडचण या धातूची नाही, तर एकमेकांना चिकटवलेल्या वेगवेगळ्या प्लास्टिकची आहे. अनेक पाकिटांत पॉलिएस्टर आणि पॉलिथिन एकत्र असतात. एक सुमारे २५० अंशांना वितळते, दुसरे त्याच्या निम्म्या तापमानाला. थर वेगळे करणे परवडत नाही.

नियम काय सांगतात?

फेब्रुवारी २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार बहुस्तरीय वेष्टने तिसऱ्या वर्गात येतात. त्यांच्या किमान पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट २०२४-२५ साठी ३० टक्के असून २०२७-२८ पर्यंत ते ६० टक्क्यांवर न्यायचे आहे.

पर्याय कोणता?

पाकिटाचे सर्व थर एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे ठेवायचे आणि हवा रोखण्याचे काम लेपावर सोपवायचे. ॲल्युमिनियमच्या वाफेत ऑक्सिजन सोडला की पारदर्शक ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेप बसतो. सिलिकॉन ऑक्साइडचा लेप तर जवळपास काचेसारखाच. आतला पदार्थ दिसतो आणि असे वेष्टन धातुशोधक यंत्राला अडथळा करत नाही.

मर्यादा काय?

काचेसारखा लेप ठिसूळ असतो. पाकीट दुमडताना, ताणताना त्याला सूक्ष्म तडे जातात. म्हणून वर संरक्षक थर द्यावा लागतो. पॉलिएस्टरवर लेप चांगला बसतो. सहज ताणल्या जाणाऱ्या पॉलिथिनवर ते अवघड जाते. यंत्रणाही महाग आहे.

त्याहून मोठा प्रश्न संकलनाचा आहे. पाकीट पुनर्प्रक्रियेस योग्य झाले, तरी ते वेचणाऱ्याला चार पैसे मिळाले नाहीत, तर ते कचराभूमीवरच पडून राहील. लेप बदलणे कारखान्याच्या हाती आहे. पाकिटाला भाव मिळवून देणे उत्पादक, पालिका आणि नियामक यांच्या हाती.