वक्तृत्वाचा तास कोणासाठी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या धोरणाच्या एकंदर स्वरूपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहावे लागेल. येथे त्याच्या एका लहानशा, फारसे कोणाचे लक्ष न गेलेल्या अंगाचा विचार करावयाचा आहे. क्षमतावृद्धी, कौशल्यविकास अशा सदरांखाली आता अनेक महाविद्यालयांतून वक्तृत्व, संभाषणकला, संवादकौशल्य असे विषय शिकविले जाऊ लागले आहेत. जे आजवर स्नेहसंमेलनाच्या आणि स्पर्धेच्या मांडवात चालत असे, ते वर्गात आले. त्याला हजेरी आली, गुण आले, नापास होणे आले. आणि या सर्वांबरोबर नियमही आले. हे नियम कसे असावेत हा प्रश्न वरवर पाहता प्राध्यापकांच्या खोलीतला वाटतो. आमच्या मते तो तेथेच सोडून देण्याजोगा नाही. कोणी बोलावे, कोणत्या भाषेत बोलावे, कशावर बोलावे आणि कोणी ऐकून घ्यावे याचा निकाल या नियमांत लागत असतो. आणि लोकशाहीपुढचे प्रश्न याहून फारसे वेगळे नसतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली. तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या गेल्या. सभासदांनी निबंध वाचावेत आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा तेथील परिपाठ होता. स्त्रीशिक्षणावरची चर्चा नुसती चर्चा राहिली नाही. पुढच्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि आरंभी स्वतःच त्यांत शिकविले. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाचा मंडप हे व्याख्यानाचे मोठे ठिकाण झाले. पुढच्या काळात सेवादलाच्या शाखांनी, अभ्यासमंडळांनी, कामगारांच्या गेटसभांनी आणि महाविद्यालयीन निवडणुकांनी शेकडो तरुणांना उभे राहून बोलावयास शिकविले. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते, त्यांना शब्द मिळाला तो मुख्यतः या ठिकाणी.

यांपैकी कितीशी ठिकाणे उरली आहेत? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्यांच्या दरवाजावरच्या सभाही संपल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद झाली खरी, परंतु नंतरची कित्येक वर्षे ती कागदावरच राहिली. सार्वजनिक उत्सवांत व्याख्यात्याची जागा ध्वनिवर्धकाच्या भिंतींनी घेतली. अशा काळात सामान्य घरातील मुलाला किंवा मुलीला चारचौघांसमोर विचार मांडण्याची सक्तीची का होईना, पण संधी देणारा जो एक तास वेळापत्रकात आला आहे, त्याकडे उपेक्षेने पाहणे परवडणारे नाही. मात्र तो तास कोणत्या रीतीने चालतो यावर सर्व अवलंबून आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयांना या विषयाचा शंभर वर्षांहून अधिक अनुभव आहे. १९१४ साली तेथील सतरा अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांच्या परिषदेपासून फारकत घेतली आणि सार्वजनिक वक्तृत्वाच्या प्राध्यापकांची स्वतंत्र संघटना उभारली. बोलणे हे लिहिण्याचे धाकटे भावंड नसून त्याचे स्वतंत्र शास्त्र आहे, ही त्यांची भूमिका होती. आज तेथील अनेक महाविद्यालयांत पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय घ्यावा लागतो आणि पहिल्याच दिवशी नियमांचा एक छापील कागद त्याच्या हाती पडतो. या कागदातील ठरलेली कलमे पाहण्याजोगी आहेत. भाषण लिहून आणून वाचावयाचे नाही, टिपणाच्या एकदोन चिठ्ठ्यांवरून बोलावयाचे. आराखडा आधी द्यावयाचा. माहिती कोठून घेतली हे भाषणातच सांगावयाचे. कोणी बोलत असता वर्गात शिरावयाचे नाही. नेमलेल्या दिवशी गैरहजर राहिल्यास, सबळ कारणाचा पुरावा असल्याखेरीज, दुसरी संधी नाही. आणि आपले भाषण नसेल त्या दिवशीही हजेरी लागतेच.

अमेरिकेतले सर्वच उचलावे असे आमचे म्हणणे नाही. पण या शेवटच्या कलमात एक मोठे तत्त्व आहे, ते आपण ओळखले पाहिजे. गणिताच्या तासाला एक विद्यार्थी आला नाही तर नुकसान त्याचे होते. वक्तृत्वाच्या तासाला श्रोता आला नाही तर बोलणाऱ्याचेही नुकसान होते. येथे ऐकणारा हा शिक्षणाचा भाग आहे. म्हणून या विषयात ऐकण्यालाही गुण असावेत. प्रत्येक भाषणानंतर दोन श्रोत्यांनी वक्त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगावा आणि एकेक प्रश्न विचारावा, एवढी साधी अट घातली तरी दोन गोष्टी साधतील. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट समजून घेण्याची सवय लागेल, जिची आज सभागृहांपासून चावडीपर्यंत सर्वत्र टंचाई आहे. आणि दुसऱ्याकडून, किंवा आता यंत्राकडून, लिहून घेतलेले भाषण घडाघडा म्हणून दाखविणारा पहिल्याच प्रश्नाला उघडा पडेल. आपल्या स्पर्धांच्या परंपरेने जसे चांगले वक्ते दिले, तसे पाठांतराचे कारागीरही दिले. त्याच टाळ्या, तेच शेर, तोच शेवटचा चढलेला आवाज. वर्गाने हे चालू ठेवावयाचे नसेल तर प्रश्नोत्तरांना भाषणाइतकेच वजन दिले पाहिजे.

हजेरीचा नियम मात्र आंधळा असता कामा नये. पंचाहत्तर टक्क्यांची अट सर्वांना सारखी दिसते. ती सर्वांवर सारखी पडत नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तेव्हा घरातला थोरला मुलगा कोयत्यावर जातो किंवा धाकट्यांना सांभाळण्यासाठी मुलगी मागे राहते. शहरातला विद्यार्थी रात्री पार्सले पोचवून सकाळी वर्गात येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व सांगितले ते श्रमाला शिक्षणात प्रतिष्ठा मिळावी म्हणून. श्रम करणाऱ्याला गैरहजर ठरवून बाहेर काढावे म्हणून नव्हे. तेव्हा चुकलेल्या भाषणाची भरपाई करण्याचा एक ठरलेला दिवस प्रत्येक सत्रात असावा, आणि श्रमाचे कारण हे आजाराच्या कारणाइतकेच सबळ मानले जावे. कडक नियम आणि न्याय्य नियम यांतला फरक असा असतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. संवादकौशल्य म्हणजे इंग्रजी बोलता येणे, अशी एक समजूत महाविद्यालयांच्या मनात पक्की रुजली आहे. १९१६ च्या फेब्रुवारीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजी बोलावयास उभे राहिले, तेव्हा आपल्याच देशबांधवांशी परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज त्यांनी उघड बोलून दाखविली होती. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या वर्गात ती लाज उलट्या दिशेला वळलेली दिसते. मराठीत बोलणारा मुलगाच मान खाली घालतो. इंग्रजी शिकू नये असे कोणी म्हणत नाही. श्रमिकांच्या मुलांना ती आलीच पाहिजे. पण विचार मांडण्याची कला आणि परभाषेचे ज्ञान या दोन गोष्टींचे गुण एकाच रकान्यात भरले, की पहिली गोष्ट मागे पडते आणि ज्याचे आईबाप शिकलेले त्याचा आपोआप पहिला क्रमांक येतो. मराठीतही हेच घडते. ‘न’ आणि ‘ण’ यांवरून मुलीला हसू येईल असे सुधारणे, वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाला अशुद्ध म्हणणे, हा व्याकरणाचा आग्रह नसून जातीचा आणि प्रदेशाचा अहंकार आहे. उच्चार स्पष्ट असावा, मागच्या बाकापर्यंत पोचावा, ही अपेक्षा योग्य; तो सदाशिव पेठेतला असावा ही अपेक्षा अयोग्य. आदिवासी विद्यार्थ्याने एक भाषण गोंडी, कोरकू किंवा भिलीत करून मागाहून त्याचा मराठी सारांश दिला, तर वर्गाचे काहीच बिघडणार नाही. त्याला काही शिकावयासच मिळेल.

तिसरा प्रश्न विषयाचा. ‘राजकीय व धार्मिक विषय टाळावेत’ असे एक वाक्य अशा सूचनांत सहज घातले जाते. हे वाक्य मतभेदाच्या भीतीपोटी येते, आणि त्याचा परिणाम असा होतो की वीस वर्षांचा मतदार वर्गात मोबाइलचे फायदे-तोटे यावर बोलतो. काशीच्या ज्या भाषणाचा उल्लेख वर केला, ते भाषण पूर्ण झाले नाही. गांधीजींनी संस्थानिकांच्या रत्नालंकारांवर बोट ठेवले, पुढे त्यांच्या बोलण्याने व्यासपीठावर अस्वस्थता पसरली, ॲनी बेझंटबाईंनी त्यांना थांबण्यास सांगितले. श्रोते ‘बोला’ म्हणत होते आणि राजेमहाराजे उठून गेले. विद्यापीठात बोलण्याजोगे काय, हे व्यासपीठावरच्या मानकऱ्यांनी ठरविले म्हणजे काय होते, याचे ते कायमचे उदाहरण आहे. संविधानाने १९ व्या कलमात भाषणस्वातंत्र्य दिले, त्याच्या वाजवी मर्यादाही तेथेच सांगितल्या. महाविद्यालयाने त्याहून अरुंद कुंपण घालण्याचे कारण नाही. एक अट अवश्य असावी : कोणाही माणसाचा त्याच्या जातीवरून, धर्मावरून वा लिंगावरून अवमान नको, आणि केलेल्या विधानाला आधार हवा. विद्यार्थ्याने आरक्षणावर, हमीभावावर, धरणग्रस्तांवर खुशाल बोलावे. पण आकडा सांगितला की तो कोठून आणला हेही सांगावे. अफवांच्या या दिवसांत एवढी शिस्त हेच मोठे राजकीय शिक्षण आहे.

चौथा प्रश्न ज्यांना बोलता येत नाही त्यांचा. भीतीने थरथरणाऱ्या मुलाला शून्य गुण देणे सोपे असते. परंतु इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि एक शब्दही न बोलता खाली बसले; तीस रुपयांची फी त्यांनी परत केली. त्या दिवशी त्यांना गुण दिले असते तर किती दिले असते? पहिल्या भाषणाला गुण नसावेत, नुसता अभिप्राय असावा. गुण पहिल्यापासून शेवटच्या भाषणापर्यंत झालेल्या प्रगतीला असावेत. जे अडखळत बोलतात, ज्यांना वाचादोष आहे, त्यांच्यासाठी दया नको, हक्क हवा. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने वाचा व भाषेचे अपंगत्व मान्य केले आहे आणि अभ्यासक्रमात व परीक्षेत योग्य बदल करण्याचे बंधन शिक्षणव्यवस्थेवर घातले आहे. अशा विद्यार्थ्याला अधिक वेळ, लहान श्रोतृवर्ग वा अन्य सोय मिळाली पाहिजे, आणि तिची नोंद पहिल्या दिवसाच्या कागदावरच असली पाहिजे. त्याला दारोदार विनवण्या करावयास लावू नये.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट. दोन श्रेयांकांच्या विषयाला वर्गातील साधारण तीस तास मिळतात. साठ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच मिनिटे बोलावयाचे आणि पाच मिनिटे प्रश्न व अभिप्राय, असे धरले तर एका फेरीला दहा तास लागतात. तीन फेऱ्यांत सारे तास संपतात. शिकविण्यास एक मिनिटही उरत नाही. वर्गात एकशेवीस विद्यार्थी असतील तर तीस तासांत दीड फेरीच होते. मग काय होते? भाषणाऐवजी वक्तृत्वाच्या गुणांवर टिपा दिल्या जातात आणि ‘चांगल्या वक्त्याची लक्षणे लिहा’ असा प्रश्न विचारला जातो. पोहणे शिकविण्याची ही कोरडी रीत कोणत्याही नियमाने सुधारणार नाही. त्यासाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हवा. आणि तो तासिका तत्त्वावर, पुढच्या सत्रात आपण असू की नाही या काळजीत वावरणारा नको. प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून कौशल्याची भाषा बोलणे ही शासनाची लबाडी आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्याला स्वतःच्या वेतनाविषयी बोलण्याची सोय नाही, तो मुलांना निर्भयपणे बोलावयास कसे शिकविणार?

कार्यकर्त्यांनी या प्रश्नात लक्ष घालावे, ते आपापल्या गावी. २०१६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते आणि तीत अध्यापकांचे व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावयास हवेत. त्या प्रतिनिधींना भेटावे. या विषयाच्या नियमांचा कागद मागून घ्यावा. एका वर्गात किती विद्यार्थी आहेत, प्रत्येकाला सत्रात किती वेळा बोलावयास मिळाले, कोणत्या भाषेला मुभा आहे, चुकलेल्या भाषणाची भरपाई आहे की नाही, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक नसतील तर ती सभेत मांडावीत. त्याचबरोबर आपली बंद पडलेली अभ्यासमंडळे पुन्हा सुरू करावीत आणि तेथे पहिला मान पट्टीच्या वक्त्याला न देता, आजवर जो मागच्या रांगेत गप्प बसत आला त्याला द्यावा. ज्या समाजात थोड्यांनीच बोलावयाचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवावयाच्या असतात, तेथे मतपेटी असूनही सत्ता थोड्यांचीच राहते. हे बदलावयाचे काम जेथे जेथे करता येईल, त्या जागांमध्ये वक्तृत्वाच्या या तासाचीही गणना केली पाहिजे.