पाटी ‘माँटेसरी’ची, आत काय?

परवा शेजारची सूनबाई रडवेली होऊन आली. “काकू, साडेतीन वर्षांची झाली, पण ही एबीसीडी लिहीतच नाही हो! शाळेतून रोज तक्रार.” शाळेच्या पाटीवर मात्र ठळक ‘माँटेसरी’!

माझ्या पोटात कालवलं. याच वयात मी माझ्या लेकाला पट्टी दाखवून गिरवायला बसवायची. वहीचा त्याचा धसका चौथीपर्यंत गेला नाही.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालघर काढलं. आपल्या ताराबाई मोडकांनी तोच विचार १९४५ साली बोर्डीला नेला. सोबतीला अनुताई वाघ. साधनं कसली? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे! मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली.

सूनबाईला म्हटलं, “पेन्सिल ठेव बाजूला. तिला शेंगा सोलू दे, बटणं लावू दे, पाणी ओतू दे. सांडलं तर पुसूही दे. बोटं तयार झाली की अक्षरं येतील.”

मैत्रिणींनो, प्रवेश घेताना फी, गणवेशाच्या आधी एवढं विचाराच: इथे माझं मूल स्वतःच्या हातांनी काय करणार?