कल्पित भूमीची यात्रा

ज्या प्रत्यक्ष जागांवरून 'ॲनिमे' या जपानी सचेतपटांतील स्थळे रेखाटली गेली, त्यांच्या भेटीस जपानमध्ये 'सेइची जुन्रेइ', म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा, असे म्हणतात. या प्रथेस केवळ पर्यटनाचा बाजार मानणे उथळपणाचे ठरेल. काव्याने ज्यांना अर्थ दिला अशा स्थळनामांची 'उतामाकुरा' ही संकल्पना जपानी परंपरेत प्राचीन आहे. १६८९ मध्ये उत्तरेकडे निघालेल्या बाशोलाही अशा स्थळांची ओढ होती. संहितेतील भूमी पायी जाऊन पाहण्याची रीत, म्हणजे, नवी नव्हे.

मात्र या स्थळी माणसे राहतात, याचा विसर पडता कामा नये. 'लकी स्टार' (२००७) या मालिकेमुळे वाशिनोमिया देवस्थानी रसिक येऊ लागले. नवसाच्या लाकडी पाट्यांवर त्यांनी मालिकेतील पात्रे रेखाटली. २००८ च्या उत्सवात मालिकेच्या नावाची पालखीही निघाली. गावाने रसिकांना आपल्या उत्सवात सामावून घेतले. याउलट, 'स्लॅम डंक'मुळे प्रसिद्धी पावलेल्या कामाकुरातील रेल्वे फाटकापाशी छायाचित्रांसाठी रस्त्यावर उतरणारी गर्दी रहिवाशांना जाचक झाली आहे.

दोन्ही ठिकाणी कलाकृतीवरील प्रेम सारखेच आहे. भेद आहे तो यजमान आणि पाहुणा यांच्यातील नात्याचा. स्थळाला पावित्र्य रसिक देतो, हे मान्य केल्यास ते राखण्याचे दायित्वही त्याच्यावरच येते. रहिवाशांना केवळ चित्राची पार्श्वभूमी समजणाऱ्याचा आस्वाद अपुराच म्हणावा लागेल.