एका संघातून दुसऱ्या संघात?

पारतंत्र्यातून नुकत्याच सुटलेल्या देशाने आपण होऊन दुसऱ्या एका संघाचे नियम पत्करावेत काय? हा प्रश्न वरवर तात्त्विक वाटतो. पण बाल्टिक समुद्राकाठच्या चिमुकल्या एस्टोनियाला तो अगदी रोकडा पडला होता. १९४० साली सोव्हिएत संघाने गिळंकृत केलेला हा देश २० ऑगस्ट १९९१ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला आणि १ मे २००४ रोजी युरोपीय संघाचा सदस्य बनला. मध्ये पुरती तेरा वर्षेही गेली नव्हती. 'एका संघातून सुटलो, ते दुसऱ्यात अडकण्यासाठीच का?' असे विरोधक विचारत होते.

ही शंका वेडगळ म्हणता येणार नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पिणार! शिवाय प्रवेशाची किंमत खरोखरच मोजावी लागली. नव्वदच्या दशकात एस्टोनियाने आयातीवर जवळजवळ जकातच ठेवली नव्हती. युरोपीय संघात शिरताना मात्र संघाची सामाईक जकात त्याला लावावी लागली. म्हणजे मुक्त व्यापाराचा घोष करणाऱ्या संघात जाण्यासाठी अधिक मुक्त देशाला आपली दारे थोडी लोटून घ्यावी लागली. साखर महागणार म्हणून लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी आधीच साठे केले, तर त्या जादा साखरेपोटी सरकारवर कोट्यवधी युरोंचा भुर्दंड बसला. नियम जुन्यांनी केलेले. नव्याने येणाऱ्याने ते निमूटपणे मान्य करायचे, हीच रीत.

मग फरक कोणता? फरक दाराचा आहे. संघातून फुटून निघण्याचा हक्क सोव्हिएत राज्यघटनेतही लिहिलेला होता. पण तो बजावू पाहणाऱ्यांची गत काय झाली, हे जानेवारी १९९१ मध्ये शेजारच्या लिथुआनियात रणगाड्यांनी दाखवून दिले. युरोपीय संघातून ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला. भांडणे झाली, हिशेब झाले, पण रणगाडे निघाले नाहीत. शिवाय आत शिरताना १४ सप्टेंबर २००३ रोजी एस्टोनियाच्या जनतेचा कौल घेतला गेला आणि सुमारे ६७ टक्के मते बाजूने पडली. आपल्या हाताने उघडता येते आणि लावताही येते, ते दार. बाहेरून कडी असेल तर तो तुरुंग.

पण 'जनतेचा कौल' म्हणताना थोडे थांबावे लागते. १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज एवढ्यांनाच १९९२ मध्ये आपोआप नागरिकत्व मिळाले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेले बहुतेक रशियन भाषक, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा, त्यातून वगळले गेले. भाषेची परीक्षा देऊन अनेकजण पुढे नागरिक झाले. तरी २००३ च्या मतदानाच्या दिवशी लाखाहून अधिक माणसे घरीच बसून होती. नव्या देशापुढचे खरे आव्हान इथे आहे. आपले सार्वभौमत्व दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायचे की नाही, हे ठरवण्याआधी ते मुळात कोणाकोणाचे, हे घरात ठरवावे लागते. गंमत अशी, की त्या देशात जन्मलेल्या नागरिकत्वहीन मुलांसाठी १९९८ मध्ये कायदा सैल झाला, तो युरोपच्याच दडपणाखाली.

युक्रेन आणि मोल्दोवा यांची प्रवेशाची बोलणी जून २०२४ मध्ये रीतसर सुरू झाली. त्यांनी एस्टोनियाकडून जकातीचे आणि साखरेचे धडे घ्यावेतच. पण पहिला धडा निराळा आहे. छोट्या देशावर मोठ्यांचे निर्णय आदळतच असतात. तो संघाबाहेर राहिला म्हणून ते चुकत नाहीत. निर्णय होतात त्या बैठकीत आपला माणूस असणे, हेच त्याचे व्यवहारातले स्वातंत्र्य. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणाची सूत्रे काया कल्लास या एस्टोनियाच्या माजी पंतप्रधानांकडे आली. जुन्या संघात त्यांच्या आईला तान्हेपणी सैबेरियात हद्दपार केले गेले होते. दोन संघांमधला फरक याहून स्पष्ट कसा सांगावा?